मुरलेली की शिळी?

दोन नंबरच्या ग्लासातल्या बिअरला मी पन्नासपैकी ४१ गुण दिले होते, एक नंबरला ३५. पेन खाली ठेवलं तेव्हा मनात जराही शंका नव्हती. दोन नंबरमध्ये मनुका होता, खजूर होता, सुकं अंजीर होतं, घोट उतरल्यावर शेरी वाइनची झाक होती. तिच्यापुढे एक नंबर साधी वाटली. खरपूस पाव, थोडी काकवी, बास. काकांनी चौघांचे कागद गोळा केले, आकडे वहीत एकाखाली एक मांडले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू दोन नंबरला ४१ दिलेस. मी २६ दिलेत. ग्लासात घोटभर शिल्लक आहे ना? परत वास घे. बोलू नकोस, नुसता वास घे."

मे महिन्यातला रविवार होता. घोडबंदर रोडवरच्या काकांच्या घरी, येऊरच्या डोंगराकडे खिडकी असलेल्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. काका आमच्याच कंपनीतून निवृत्त झालेले. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोगशाळा सांभाळली, आणि क्वालिटीचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. ताई कोपरखैरण्याला घरातूनच पाव-केकचा व्यवसाय करतात. चौथा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, एका मायक्रोब्रुअरीत काम करतो, म्हणून त्याला आम्ही ब्रुअरच म्हणतो. जानेवारीपासून दर दुसऱ्या रविवारी आमची बैठक असते. चौघांचे दारूचे परवाने आहेत, आणि त्या दिवशी गाडी घेऊन कुणीही येत नाही.

बैठकीचं कारण परीक्षा. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजे बीजेसीपी, ही १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था बिअरच्या स्पर्धांसाठी परीक्षक तयार करते. आधी ऑनलाइन परीक्षा: ६० मिनिटांत १८० प्रश्न. ती सुटली की चाखण्याची परीक्षा: ९० मिनिटांत सहा बिअर. म्हणजे एकेकीला पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यात वास घेऊन, चाखून, पानभर लिहून गुणही द्यायचे. तुम्ही दिलेला आकडा किती अचूक याला त्यात फक्त २० टक्के वजन आहे. बाकीचं सगळं शब्दांचं काम: काय काय ओळखलं, ते किती नेमकं लिहिलं, बनवणाऱ्याला उपयोगी पडेल असं काय सुचवलं, कागद पुरा भरला का. चाखणं म्हणजे पिणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन बघावं. अख्ख्या सकाळीत एकेकाच्या पोटात जेमतेम एक ग्लास जातो आणि हात मात्र लिहून दुखतो.

त्या दिवसाचा विषय होता डॉपेलबॉक ही जर्मन बिअर. मला तिची फार ओढ होती, आणि त्याला कारण मार्चमधली एक बैठक.

तेव्हा ब्रुअरने चार पुड्या आणल्या होत्या. पिल्सनर, व्हिएन्ना, म्युनिक आणि काळाकुट्ट काराफा, असे चार माल्ट, म्हणजे बिअरचं धान्य. दाणे नुसते चावायचे आणि लिहायचं. पिल्सनर चावला तर कच्च्या पिठाचा वास, थोडा मध, थोडं वाळलेलं गवत. व्हिएन्नात बिस्किट. म्युनिकचा दाणा दाताखाली फुटला आणि मी थांबलो, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. आई भाजणी करते तेव्हा तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, ज्वारी, बाजरी, धणे सगळं वेगवेगळं भाजते. ज्वारी उतरवायच्या आधी एक अर्धा मिनिट असा येतो की कच्चट वास जातो आणि खमंग वास सुटतो. त्याच्या आधी उतरवली तर थालीपीठ पिठूळ लागतं, नंतर उतरवली तर करपट. म्युनिक माल्टमध्ये तो अर्धा मिनिट होता.

ब्रुअरने कारण सांगितलं. पिल्सनर माल्ट साधारण ८० ते ८५ अंशांवर वाळवतात, म्युनिक १०० ते १०५ अंशांवर. एवढ्या फरकाने धान्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि मेयार क्रिया होते. भाकरीवरचे डाग, पावाची साल, भाजणीचा खमंगपणा, सगळ्यामागे हीच क्रिया. ताईंनी म्युनिकचे चार दाणे एकदम तोंडात टाकले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "पाव भट्टीतून काढला की वरची साल दोन मिनिटं तडतडते बघ. तेव्हा येतो हा वास. नंतर नाही येत." मी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

माल्ट हा शब्द परका असेल, वस्तू परकी नाही. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजून दळायची, आणि ती खीर तान्ह्या पोराला भरवायची हे आपल्याकडे घरोघरी होतं. तेच बार्लीचं केलं की बिअरचा माल्ट. मोड आलेल्या दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात आणि बिअरचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो.

तर डॉपेलबॉक ही या भाजलेल्या माल्टची बिअर. 'बॉक' हे नाव आइनबेक या उत्तर जर्मनीतल्या गावावरून आलं. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाच्या काळात तिथली तगडी बिअर दूरदूर जायची. म्युनिक शहरातलं होफब्राउहाउस, म्हणजे दरबारी ब्रुअरी, १५८९ मध्ये स्थापन झालं, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तशी बिअर घरीच व्हावी म्हणून आइनबेकहून ब्रुअर बोलावून घेतला गेला. बव्हेरियन, म्हणजे म्युनिककडच्या, लोकांच्या तोंडी आइनबेकचं 'आइन बॉक' झालं आणि त्याचा जर्मन अर्थ निघाला एक बोकड. लेबलांवर बोकड दिसतो तो त्यामुळे. (बॉक आणि बोकड यांचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही. पण मराठी माणसाला हे नाव एकदा ऐकलं की पुरतं.) दुप्पट बॉक म्हणजे डॉपेलबॉक ही म्युनिकच्याच पाउलानर मठातल्या साधूंची. उपासाच्या दिवसांत पोटाला आधार देणारी, पातळ पाव म्हणावी अशी. तिचं नाव साल्वाटोर, आणि पुढे इतरांनीही आपापल्या डॉपेलबॉकला 'आटोर'ने संपणारी नावं दिली: ऑप्टिमाटोर, सेलेब्राटोर, अनिमाटोर.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. दुकानात जाऊन 'स्ट्राँग द्या' म्हटलं की आपल्याला जे मिळतं त्यातही अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतं आणि डॉपेलबॉकमध्ये ते ७ ते १० टक्के. आकडे शेजारीशेजारी आहेत. पण आपल्याकडच्या बहुतेक स्ट्राँगमध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर घालतात. साखर यीस्ट पुरी खाऊन टाकतं, तिची दारू होते आणि मागे चव म्हणून काही उरत नाही. डॉपेलबॉकमध्ये सगळं बळ माल्टमधून येतं. जर्मनीत डॉपेलबॉक म्हणवून घ्यायला आंबवण्याआधीच्या गोड रसात, म्हणजे वर्टमध्ये, किमान १८ टक्के विरघळलेला अर्क लागतो, साध्या बॉकला १६ टक्के. हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा कडवटपणा १६ ते २६ आयबीयू (हे कडवटपणा मोजायचं एकक), गोडवा अंगावर येऊ नये इतकाच. आपण 'स्ट्राँग' म्हणतो तेव्हा डोक्याला काय होतं ते बोलतो. या बिअरमध्ये जड असतं ते धान्य, आणि ते कळायला जीभ आणि नाक लागतं.

आता तो रविवार.

आदल्या दिवशी काकांचा मेसेज आला होता: अत्तर नको, नऊनंतर चहा नको, बडीशेप नको. नाश्ता काकूंच्या हातचे पोहे, मिरची न घातलेले. मामलेदारची मिसळ मला जीव की प्राण आहे, पण ती खाऊन आलेल्या जिभेला दोन तास दुसरं काही कळत नाही, म्हणून बैठकीच्या रविवारी मी तिकडे फिरकत नाही. ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुऊन उपडे घातलेले होते. साबणाचा अंश राहिला की फेस मरतो. बिअर १० अंशांवर ओतायची असं ठरलं होतं. फ्रिजमधून काढलेली बाटली थेट ओतली तर थंडीने माल्टचा वास दबून जातो. काकांनी स्वयंपाकघरात बाटल्या उघडल्या, थर्मामीटरने तपासून ओतल्या आणि प्रत्येकापुढे स्टीलच्या झाकण्या ठेवलेले दोन ग्लास आणून मांडले. खडूने १ आणि २ लिहिलेलं, बाकी काही नाही.

बोलायचं नाही हा आमचा सगळ्यात कडक नियम आहे. एकाने 'चॉकलेट' म्हटलं की बाकी तिघांना चॉकलेट येऊ लागतं. ही गंमत म्हणून सांगत नाही, नाक खरोखरच इतकं भोळं असतं.

झाकणी काढून आधी दोनतीन छोटे हुंगे घ्यायचे. पहिला वास परत मिळत नाही, कारण गंधकाचा अंश असो की तीव्र अल्कोहोल, हलकं जे काही असतं ते पहिल्या मिनिटात उडून जातं. एक नंबरमध्ये पहिल्या हुंग्याला पावाची साल आली. मग ग्लास फिरवून लांब श्वास घेतला तर भाजलेला माल्ट, त्याच्यामागे काकवी, अगदी तळाशी ओला आलुबुखार. हॉप्सचा वास जवळपास नाही, आणि या प्रकारात तो नसायलाच हवा. लोण्याचा वास नाही. त्याला आम्ही डायअसिटिल म्हणतो. लागरचं, म्हणजे डॉपेलबॉकसारख्या थंडीत आंबवलेल्या बिअरचं, यीस्ट घाईने बिअरवरून काढलं की तो मागे राहतो. उकडलेल्या मक्याचा वास नाही. हे 'नाही'सुद्धा कागदावर लिहावं लागतं.

वासाला १२ गुण. दिसण्याला फक्त ३, पण तेवढ्यासाठी ठाण्यात खटपट फार. एसी लावूनही मे महिन्यात थंड ग्लासावर बाहेरून लगेच दव धरतं, आणि गढूळ बिअर आहे की काच हे समजत नाही. त्यासाठी प्रत्येकाजवळ मलमलचा तुकडा असतो. काच पुसून मागे पांढरा कागद धरला, बाजूने मोबाइलचा टॉर्च लावला. टेबलावर काळपट तपकिरी दिसणारी बिअर उजेडात डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली. नितळ इतकी की पलीकडचं बोट दिसावं. फेस साईच्या रंगाचा, बारीक, हळूहळू कडेला सरकणारा. ही नितळता गाळणीनेच येते असं नाही. आंबवणं संपल्यावर ही बिअर शून्याच्या आसपासच्या थंडीत आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही ठेवतात. गाळ बसतो, कच्चे वास यीस्ट पुन्हा शोषून घेतं, कडा बोथट होतात. जर्मनमध्ये याला लागरिंग म्हणतात. मराठीत त्याला मुरणं याहून चांगला शब्द मला सुचलेला नाही.

मग घोट. चवीला २० गुण, सगळ्यात जास्त. घोट तोंडात फिरवून गिळायचा आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडायचा. खरी चव तेव्हा मागच्या वाटेने नाकात चढते. एक नंबर सुरुवातीला गोड वाटली, मधे भाजणी, शेवटी गोडवा हळूच मागे सरला आणि तोंड जवळजवळ कोरडं झालं. चांगल्या डॉपेलबॉकची ही खूण: सुरुवात गोड, पण शेवटी ओठ चिकटत नाहीत. पोतासाठी ५ गुण. दुधाच्या मलईसारखी भरीव, बुडबुडे कमी, घशात गेल्यावर छातीपर्यंत जाणारी हलकी ऊब, जळजळ नाही. राहिले १० गुण एकूण परिणामाचे.

मी तिला ३५ दिले. साधी वाटली म्हणून.

दोन नंबरची झाकणी काढली आणि मी खूश झालो. ग्लासातून सुका मेवा वर आला. मनुका, खजूर, अंजीर, मागे मध, मागे शेरी. मला वाटलं, ही खरी डॉपेलबॉक. मी भरभरून लिहिलं. पानाच्या शेवटी 'गुंतागुंतीची, परिपक्व, मुरलेली' असे शब्द लिहिल्याचं मला स्पष्ट आठवतं, कारण त्या 'मुरलेली'खाली मी रेघ मारली होती.

काकांनी परत वास घ्यायला सांगितलं तेव्हा अर्धा तास होत आला होता. ग्लास कोमट झाले होते. आधी एक नंबर हुंगली. ती बदलली होती. मघाचा पाव होताच, पण आता आलुबुखार पुढे आला होता, गोड न घातलेल्या कोकोचा वास आला होता, आणि एक गोष्ट जी थंड असताना मुळीच नव्हती: तव्यावर गूळ वितळायला लागतो त्या क्षणाचा वास. ऊब मिळाल्यावर ती उघडली होती. मग दोन नंबर हुंगली. मनुका बसला होता. शेरी बसली होती. सुका मेवा होता तिथे एक सपाट, कोरडा, कशाचाही नसलेला वास होता.

काका उठले, कुरिअरच्या खोक्याचा तळहाताएवढा पुठ्ठा फाडला, पाण्यात बुडवून एका रिकाम्या ग्लासात टाकला, वर झाकणी ठेवली. दोन मिनिटांनी ग्लास माझ्यापुढे सरकवला. "आता हा. मग परत दोन नंबर."

ओला पुठ्ठा हुंगला. दोन नंबर हुंगली. तोच वास होता. मघाशी तो मनुक्याच्या आड उभा होता आणि मी मनुकाच बघत बसलो होतो.

मला अजून एक खात्री हवी होती. कारखान्यात आम्ही त्रिकोणी चाचणी घेतो तशीच काकांनी घेतली. ओतताना पाठ फिरवून बसायचं, मग समोर तीन छोटे ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून चार फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत चुकलो, पुढच्या तिन्ही बरोबर आल्या. चौथ्या वेळी मला घोटही घ्यावा लागला नाही.

मग बाटल्या टेबलावर आल्या. म्युनिकच्याच एका ब्रुअरीची डॉपेलबॉक, दोन्ही बाटल्यांवर तेच लेबल, दोन्हींची मुदत संपायला अजून महिने होते. एक नंबर काकांच्या मुलाने एप्रिलमध्ये तिकडून येताना आणलेली. विमानतळावर दोन लिटरची मर्यादा, म्हणून अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, आणि घरी आल्याबरोबर त्या फ्रिजमध्ये गेलेल्या. दोन नंबर काकांनी इथल्याच एका दुकानातून घेतली होती. दर्शनी काचेजवळच्या उघड्या फळीवर, दिव्याखाली ती किती दिवस उभी होती ते दुकानदारालाही सांगता आलं नाही. बाटलीवर धूळ होती आणि लेबलाची एक कड उन्हाने फिकी झाली होती. ब्रुअरीचा यात दोष नाही, म्हणून नाव मुद्दाम लिहीत नाही.

मला वाईट वाटलं ते त्या बाटलीसाठी. कुणीतरी महिनोन् महिने थंडीत मुरवलेली बिअर समुद्र ओलांडून आली आणि इथे काचेमागे शिजली.

ब्रुअर म्हणाला, "दादा, तुमचं नाक खोटं बोललं नाही. मनुका होताच. पण तो माल्टचा नव्हता, हवेचा होता." ते त्याने समजावून सांगितलं. बाटली कितीही काळजीपूर्वक भरली तरी कणभर ऑक्सिजन आत राहतो. त्याने बिअरमधल्या घटकांचं ऑक्सिडेशन होत राहतं, आणि उष्णता जितकी जास्त तितकं ते भराभर होतं. दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट, हा रसायनशास्त्राचा ढोबळ हिशेब इथेही चालतो. पुठ्ठ्याचा वास ज्या रेणूचा, त्याचं नाव ट्रान्स-टू-नोनेनाल, आणि नाकाला तो कळायला अब्जात एक भागसुद्धा लागत नाही. हलक्या, पिवळ्या बिअरमध्ये तो लगेच उघडा पडतो. गडद, माल्टने भरलेल्या बिअरमध्ये मात्र त्याच्या आधी मध, मनुका आणि शेरी येतात, आणि ते आवडतात. अशा बिअर काही जण मुद्दाम वर्षानुवर्षं ठेवतात, थंड आणि अंधाऱ्या जागी, आणि तिथे शेरीची झाक हा गुणही ठरतो. त्यामुळेच हा दोष डॉपेलबॉकमध्ये ओळखायला सगळ्यात अवघड.

"मग रेघ कुठे मारायची?" मी विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "फळ आलं की लगेच खूश होऊ नकोस. फळाच्या मागे पाव अजून उभा आहे का ते बघ. पाव गेला असेल तर गेली."

घरी नौपाड्याला परत येईपर्यंत हे डोक्यात घोळत होतं. आई स्वयंपाकघरात होती. तिला बिअरचं काही सांगितलं नाही, तिला त्यात रस नाही. भाजणीचा डबा कुठे आहे विचारलं. दोन डबे निघाले, एक त्याच आठवड्यातला, एक होळीच्या वेळचा, मागे राहिलेला. दोन्ही उघडून ओट्यावर ठेवले आणि आलटून पालटून वास घेतला. ताज्या भाजणीत प्रत्येक धान्य वेगळं कळत होतं, धणे तर नाकातच शिरले. जुन्या डब्यात एक जाडसर, गोडूस, एकसंध वास होता. वाईट म्हणता येणार नाही असा. मी आईला म्हटलं, "ही जुनी जास्त मुरलेली वाटते का गं?"

तिने चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगली. "भाजणी कुठे मुरते? मुरतं ते लोणचं. भाजणी शिळी होते." आणि तो डबा तिने टाकायला बाजूला काढून ठेवला.

त्यानंतर मी माझी वासांची बरणीपेटी नव्याने लावली. आधी तीत मनुका, खजूर, काकवी, कोको, ब्रूनची साल, उकडलेला मका आणि लोणी एवढंच होतं. आता ताजी आणि तीन महिन्यांची भाजणी शेजारीशेजारी आहेत, आणि मनुकेही दोन प्रकारचे: एक जांभळी नाक्याहून आणलेले मऊ, एक मुद्दाम उघडे ठेवून वाळवलेले. ओला पुठ्ठा आयत्या वेळी करायचा. दर दोन दिवसांनी रात्री डोळे मिटून बरण्या ओळखतो. दोन मनुक्यांमधला फरक यायला तीन आठवडे लागले. मऊ मनुक्यात आंबटपणा असतो, वाळक्यात नसतो. एवढंच, पण हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं.

काकांकडे म्युनिकच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. त्यांनी एक माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "पोटमाळ्यावर ठेव. चार आठवडे. हात लावू नकोस." दुसरी त्यांनी आपल्या फ्रिजमध्ये ठेवली. तिसरी डिसेंबरसाठी. आमच्या पोटमाळ्यावर दुपारी ३६ अंशांपर्यंत जातं. बिअर अशी वाया घालवायला जिवावर आलं, पण दुसरा मार्ग नव्हता. आपल्या हाताने शिळी केलेली बिअर एकदा चाखल्याशिवाय तो वास पक्का बसत नाही, असं काकांचं म्हणणं होतं.

जूनच्या शेवटच्या रविवारी ती बाटली पिशवीत घालून मी घोडबंदरला गेलो. बाहेर धो धो पाऊस होता, येऊर दिसत नव्हता. काकांनी पुन्हा ओतल्या, पुन्हा झाकण्या, पुन्हा खडूचे आकडे. या वेळी ग्लास तीन होते, तिसरा कसला ते सांगितलं नव्हतं. मी एकेक हुंगला, गरम होऊ दिला, परत हुंगला. वीस मिनिटं घेतली, परीक्षेत एवढी मिळणार नाहीत. एक नंबरला मध आणि शेरी होती, पण ऊब मिळाल्यावर मागे पाव नव्हता. दोन नंबरमध्ये तडतडणारी साल होती. तीन नंबरमध्येही सालच होती, तेवढीच, मी दोनदा तपासलं.

कागदावर लिहिलं: एक, २७. पुठ्ठा, वाळका मनुका, भरताना ऑक्सिजन कमी ठेवा, साठवण थंड ठेवा. दोन, ३९. तीन, ३९. दोन आणि तीन एकाच बाटलीतल्या.

काकांनी वही उघडली. त्यांचे आकडे होते २६, ४०, ४०. वर त्यांनी ओतताना पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: पोटमाळा, फ्रिज, फ्रिज.

"मुरलेली लिहिलंस कुठे?" त्यांनी विचारलं.

मी दोन नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं.